गोव्यात जेवायची जागा घड्याळ बघून शोधायची

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्याहून बँकेत बदली होऊन तीन महिन्यांपूर्वी तुम्ही पणजीत आलात, ताळगावला राहता, फोनवर साडेचार स्टार बघून सात-आठ हॉटेलं केलीत आणि सगळीकडे तेच बटर गार्लिक प्रॉन्स, तेच मोठं बिल, पोट भरलं पण मन भरलं नाही. पुण्यात मिसळीचं, चहाचं, रविवारच्या मटणाचं ठिकाण ठरलेलं होतं, इथे तसं आपलं म्हणावं असं काही सापडेना, त्यात मिसेस शाकाहारी, तर सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय.

मी हॉटेलवाला नाही. गेली १९ वर्षं हॉटेलांना आणि खाणावळींना नारळ पुरवतो. पहाटे चारला पिकअप भरायची आणि म्हापसा, पणजी, फोंडा करत दुपारी दोनला मोकळं व्हायचं, त्यामुळे माझा नाश्ता आणि जेवण बहुतेक बाहेरच होतं आणि हॉटेलाच्या पुढच्या दारापेक्षा मागचं दार मी जास्त बघितलंय. त्यातनं जे कळलं ते सांगतो, जरा लांबेल.

आधी अडचण नेमकी काय ते बघू. तुम्हाला वाटतंय चांगली ठिकाणं लपलेली आहेत आणि कुणीतरी पत्ता दिला की झालं. तसं नाहीये. पणजी केवढीशी, चांगली ठिकाणं तुमच्या बँकेपासून चालत दहा मिनिटांवर आहेत, तुम्ही त्यांच्यावरनं रोज जाताय, फक्त वेळ चुकतेय. गोव्यातलं रोजचं खाणं वेळेला बांधलेलं आहे. पाव भट्टीतनं कधी निघतो, बाजारात नुस्तं म्हणजे मासळी काय आली, आज वार कुठला, महिना कुठला, ह्यावर ताटात काय पडणार ते ठरतं. जे हॉटेल सकाळी अकरा ते रात्री अकरा बारा पानी मेन्यू घेऊन उघडं असतं ते तीन दिवसांसाठी आलेल्या माणसाची सोय आहे, त्याला कधीही भूक लागते, आणि फोनवरचे बरेचसे स्टारही त्यानेच दिलेले असतात. त्याचं चुकत नाही, पण तुम्हाला इथे राहायचंय. म्हणून मी नवीन माणसाला सांगतो, ठिकाण शोधू नका, आधी वेळ शोधा.

आता हे सगळं प्रत्येकाला सारखं लागू होईल असं नाही. तुमच्याकडे स्कूटर आहे का, सकाळी किती वाजता घर सोडता, बीफ-पोर्क खाता का, तिखट किती झेपतं, ह्यावर बरंच आहे. मी पणजीच्या आजूबाजूचं धरून लिहितोय. मडगावला किंवा काणकोणला असता तर गावं बदलली असती, पद्धत हीच.

सकाळ घ्या. पहाटे साडेपाच-सहाला पोदेर म्हणजे पाववाला सायकलच्या मागच्या टोपलीवर निळं प्लास्टिक झाकून पों पों करत फिरतो. तो पाव जिथे गरम पोचतो तिथे सकाळी सातला भाजीही ताजी असते. इथे पाव-भाजी म्हटलं की मुंबईची तव्यावरची लोण्यातली नव्हे, ती अपेक्षा डोक्यातनं काढा. इथे बशीत येते ती पातळ भाजी, नाहीतर बटाट्याची सुकी भाजी, नाहीतर चण्याची, मुगाची, अळसांद्यांची म्हणजे चवळीसारख्या कडधान्याची, आणि नेहमीचं गिऱ्हाईक मिक्स मागतं म्हणजे सुकी खाली आणि पातळ वरून. त्याच्याबरोबर पाव, एक मिरची भजं, आणि शेवटी बन, तो केळं घालून केलेला किंचित गोड, पुरीसारखा फुगलेला असतो, चहात बुडवून खातात. पणजीत कॅफे तातो, कॅफे भोसले, कॅफे रियाल ही नावं कुणीही सांगेल आणि बरोबरच सांगेल, मीही तिथूनच सुरुवात करायला सांगीन कारण तिथे काय चांगलं ते समजलं की तुमच्या गल्लीतलं बिननावाचं चहाचं दुकान पारखता येतं. पण जायचं ते आठच्या आत.

हे मी अनुभवावरनं सांगतो. धंद्याच्या सुरुवातीला म्हापशात एका जागी सकाळी साडेअकराला खाल्लं होतं, भाजी पाणचट, पाव सकाळचा कडक झालेला, मी त्या जागेवर फुलीच मारली. दोन वर्षांनी तिथे नारळ द्यायची ऑर्डर आली, पावणेसातला गेलो, मालकाने बस म्हटलं म्हणून बसलो आणि तीच भाजी खाल्ली. खोबऱ्याचं वाटण घट्ट, मोहरी-कढीपत्त्याचा वास अजून उठत होता, पाव दाबला की परत वर येत होता. अकरापर्यंत तीच भाजी गिऱ्हाईक वाढेल तशी पाण्याने वाढवत नेतात, बऱ्याच ठिकाणी हे चालतं. दोन वर्षं मी एका चांगल्या जागेला वाईट म्हणत होतो आणि चूक घड्याळाची होती.

पावाचंही एक सांगून ठेवतो. साधा पाव, उंडो, कातरो, काकण हे सगळे प्रकार वेगळे, आणि पोई म्हणजे गव्हाचा कोंडा लावलेली, आतनं पोकळ, ती चिरून आत भाजी भरून खायची. पोदेर बहुतेक ठिकाणी संध्याकाळी चार-पाचला परत येतो. त्याला ओळख झाल्यावर एक प्रश्न विचारा, सगळ्यात जास्त पाव कुठे टाकतोस. त्याचं उत्तर कुठल्याही स्टारपेक्षा पक्कं, कारण पाव उरला तर दुसऱ्या दिवशी ऑर्डर कमी होते.

दुपारचं जेवण हा खरा विषय आहे. फिश थाळीसाठी साडेबारा ते दीड ही वेळ धरा. बँकेत लंच दोनला असेल तर एखाद्या शनिवारी सुट्टी असेल तेव्हा जा, पण पहिल्यांदा तरी वेळेतच जा. दोननंतर तळलेला मासा असतो पण आमटी आटलेली असते, किसमूर (सुक्या मासळीची खोबरं घालून केलेली कोशिंबीर) संपलेलं असतं, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या संपलेल्या असतात, म्हणजे ज्यासाठी थाळी खायची तेच नसतं. नवीन माणूस तळलेल्या तुकड्याकडे बघतो, सुरमई किती जाड आहे, त्यावर पैसे वसूल झाले की नाही ठरवतो. रव्यात घोळून कुणीही तळतं. खाणावळ कळते ती हुमणावरनं, म्हणजे माशाच्या आमटीवरनं.

हुमण आलं की घाई करू नका. उकड्या तांदळाच्या भातावर एक डाव घ्या आणि बघा. ताज्या नारळाचं वाटण असेल तर ते भाताला धरून राहतं, रंग नारिंगी-तांबडा एकसारखा, बोटांमध्ये घेतलं तर गुळगुळीत लागतं. सुक्या खोबऱ्याच्या पावडरीचं असेल तर घटकाभरात गाळ खाली आणि पाणी वर, जिभेवर चरचरीत कण येतात. बांगड्याच्या हुमणात तिरफळं तरंगताना दिसली पाहिजेत, ती खायची नसतात, नुसती ठेचून घातलेली असतात, चुकून चावलात तर जीभ बधिर होते. पण त्यांचा तो लिंबाच्या सालीसारखा वास भातातनं वर येतो तेव्हा समजा की आत कुणीतरी घरच्यासारखं रांधतंय. आंबटपणा सोलांचा म्हणजे आमसुलांचा असेल तर तो हळू येतो आणि राहतो.

माझी स्वतःची एक खूण आहे, ती नारळवाल्याचीच म्हणा. हॉटेलाच्या मागच्या बाजूला एक चक्कर टाका, करवंट्यांचा ढीग दिसतो का बघा. वीस-पंचवीस टेबलांच्या खाणावळीत रोज वाटण होत असेल तर करवंट्या लपत नाहीत, पोत्यात भरून ठेवलेल्या असतात, बरेच जण त्याच जाळायला वापरतात. मध्ये नारळ इतका महाग झाला की माझी काही गिऱ्हाइकं पावडरीवर गेली, मी त्यांना दोष देत नाही, थाळीचा दर वाढवला की रोजचा कामगार येत नाही. पण ज्यांनी नारळ सोडला नाही त्यांच्याकडे मी स्वतः जेवतो, इतकं साधं आहे.

आत शिरल्यावर मेन्यू मागू नका, आज कसलें नुस्तें आसा म्हणून विचारा. मराठीत विचारलंत तरी चालेल, सगळ्यांना कळतं. उत्तर छोटं आलं, बांगडो आसा, मुडदुशी आसा, बस, तर बसा. पापलेट, सुरमई, किंगफिश, प्रॉन्स, क्रॅब, लॉबस्टर सगळं आहे असं आलं तर फ्रीझर मोठा आहे एवढंच कळलं. (सुरमई आणि किंगफिश एकच, इथे तिला विसवण म्हणतात.) आणि बांगडा, तारले, लेपो, मुडदुशी, शेवटो असले मासे घ्यायची सवय लावा, हे गोवेकराच्या रोजच्या ताटातले मासे, स्वस्त म्हणून लवकर खपतात आणि लवकर खपतात म्हणून ताजे असतात. पणजीत रिट्झ क्लासिक आणि आनंदाश्रम ही थाळीची नावाजलेली ठिकाणं, दीडला तिथे रांग असते, तीही एकदा करा. पण रोजचं ठिकाण म्हणून मी अशी खाणावळ शोधीन जिथे साडेबाराला सरकारी ऑफिसातले, गॅरेजवाले आणि ड्रायव्हर एकाच टेबलावर बसून काही न बोलता जेवतायत.

मग महिना. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते. तुम्ही पावसात आलात म्हणजे तुमचे पहिले आठवडे नेमके त्यातच गेले आणि तेव्हा जे पापलेट-सुरमई खाल्लंत ते बहुतेक बर्फातलं होतं किंवा बाहेरनं आलेलं. त्यावरनं गोव्याला मार्क देऊ नका. त्या दोन महिन्यांत जाणता माणूस समुद्राचा मोठा मासा मागतच नाही, नदीतलं, मानशीजवळ म्हणजे खाडीच्या पाण्याच्या दाराजवळ पकडलेलं मागतो, सुंगटं म्हणजे कोळंबी, शेवटो, काळुंद्र, नाहीतर सरळ सुक्या मासळीवर येतो. सुक्या सुंगटांचं किसमूर, ओलं खोबरं, कांदा, जरासं सोलाचं पाणी, गरम पेज, बाहेर पाऊस, ह्यापुढे मला दुसरं काही नको असतं. नारळी पौर्णिमेनंतर दर्या उघडतो, आणि पावसाळा सरला की बांगडा-तारले भरभरून येतात, तेव्हाच्या बांगड्याची चरबी आमटीवर तरंगते.

वारही बघा. सोमवारी, गुरुवारी बऱ्याच हिंदू घरांत नुस्तं वर्ज्य, श्रावणात तर महिनाभर, आणि त्याचा परिणाम खाणावळीवर होतोच. सोमवारी माशाच्या खाणावळींतनं माझी ऑर्डर उतरते आणि शाकाहारी ठिकाणांची चढते. त्यामुळे मिसेसना घेऊन जायचं तर सोमवारी दुपारी जा, त्या दिवशी भाजीवर हात चांगला चाललेला असतो.

शाकाहारीचं जरा नीट सांगतो कारण तुम्ही ते ओझं असल्यासारखं लिहिलंय आणि ते तसं अजिबात नाही. अडचण एवढीच की बोर्डावर शुद्ध शाकाहारी लिहिलेली बरीचशी हॉटेलं उडुपी पद्धतीची आहेत, इडली-डोसा उत्तम, पण ते गोव्याचं जेवण नाही. गोव्याचं शाकाहारी म्हणजे अळमीचं टोन्याक म्हणजे अळंबीचा वाटणाचा रस्सा, मुगागाठी म्हणजे मोड आलेल्या मुगाची उसळ, खतखतें म्हणजे बऱ्याच भाज्यांचं कालवण, तायखिळ्याची म्हणजे टाकळ्याची भाजी, फागलां म्हणजे कर्टोली, किल्ल म्हणजे बांबूचे कोंब, आणि मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूच्या बियांची उसळ. ह्यातलं अर्धं पावसात येतं आणि पंधरा दिवसांत जातं. रानातल्या अळम्या पावसाळ्यात बायका रस्त्याच्या कडेला पानात बांधून विकतात, त्याचं टोन्याक मिसेसना एकदा खायला घाला, मटण विसराल. हॉटेलात हे कधी मिळेल ते विचारून ठेवावं लागतं, फळ्यावर येतं आणि जातं. रविवारी सकाळी मंगेशी, म्हार्दोळ, रामनाथी ह्या बाजूला निघा, देवळाच्या आसपास साधं शाकाहारी खाणं मिळतं आणि दर्शनही होतं. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा, माशाच्या खाणावळीत नुसती भाजी मागितली तरी त्यात सुकं सुंगट आहे का विचारायचं, काही जण चवीला घालतात.

संध्याकाळ वेगळी दुनिया. तीन ते साडेसहा-सात गावच शांत असतं, शटर खाली, कुणी बंद पडलंय असं समजून परत जाऊ नका, मालक झोपलेला असतो. साताच्या पुढे गाडे लागतात. तिथे पहिलं खायचं ते रोस ऑम्लेट. दोन अंड्यांचं कांदा-मिरची-कोथिंबीर घातलेलं ऑम्लेट, त्यावर चिकन शाकुतीचा गरम रोस, वरनं कच्चा कांदा, लिंबू, बाजूला पाव. चांगल्या गाड्यावर रोसात खसखस आणि भाजलेल्या खोबऱ्याचा दाट तांबूस रंग असतो आणि ऑम्लेटच्या कडा त्यात भिजून मऊ पडतात, मधला भाग अजून कुरकुरीत, तेवढ्यात खायचं. उभ्याने खायचं, डब्यात घरी नेलंत तर ती गंमत जाते. गाडा कसा ओळखायचा, तर डबा घेऊन आलेली माणसं बघा. नुसता रोस घरी न्यायला जिथे लोक स्टीलचा डबा आणतात तिथे डोळे मिटून खा.

त्याच रांगेत चोरिस-पाव, कटलेट-पाव दिसतील. चोरिस म्हणजे व्हिनेगर-मिरचीतलं पोर्कचं सॉसेज, आणि कटलेट बऱ्याच गाड्यांवर बीफचं असतं. तुम्ही खात नसाल तर सरळ विचारा कशाचं आहे, कुणाला राग येत नाही, इथे हिंदू-ख्रिश्चन शेजारी शेजारी जेवत आलेत आणि विचारायची सगळ्यांना सवय आहे. तशीच चवही दोन्ही घरांची वेगळी. हिंदू घरातल्या आमटीत सोलं आणि तिरफळ, ख्रिश्चन घरातल्या आंबट-तिख ह्या कालवणात व्हिनेगर. एक खाऊन दुसऱ्याचा अंदाज करू नका, दोन्ही शिका.

विचारायचं कुणाला, हाही प्रश्न होता तुमचा. बँकेतल्या साहेबांना विचाराल तर ते पाहुण्यांना नेतात ते हॉटेल सांगतील, त्यांना वाटतं तुमचा मान राखला पाहिजे. प्रश्न बदला. चांगलं हॉटेल कुठलं असं विचारू नका, काल दुपारी कुठे जेवलात असं विचारा. शिपायाला विचारा, बस कंडक्टरला, पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवरच्या पायलटांना म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्यांना. पायलट दिवसभर शहरात फिरतो, दुपारी घरी जात नाही, त्याला स्वस्त आणि पोटाला न बाधणारं लागतं. तीन पायलटांनी एकच खाणावळ सांगितली तर दुसऱ्या दिवशी तिथे जा.

शुक्रवारी सुट्टी पडली तर सकाळी म्हापशाचा बाजार सोडू नका. गोव्याची मिरची, चोरिसांच्या माळा, केळी, गावठी भाजी, आणि बाजार करून दमलेली माणसं जिथे बसून खातात ती जागा. जत्रा-फेस्ताचंही तसंच, खाजें, लाडू, चणे तिथे मिळतात. जुन्या गोव्याच्या ३ डिसेंबरच्या फेस्ताला खाज्यांची दुकानं लागतात, आल्या-गुळाचं ते खाजें ताजं खाल्लं की पाकिटातलं नको होतं. आणि चवथीला म्हणजे गणपतीत चार-पाच दिवस निम्म्या खाणावळी बंद असतात, त्या दिवसांसाठी घरात काहीतरी भरून ठेवा.

एका भेटीत जागा ठरवू नका एवढंच. मी निदान तीनदा जातो, तीन वेगळ्या वारी, आणि तिसऱ्या वेळी आत काय सुरू आहे ते न विचारता सांगतात.

माझं स्वतःचं ठिकाण रायबंदरच्या जुन्या रस्त्यावर आहे, नदीच्या बाजूला, बोर्ड नाही, सहा टेबलं, एक बाई आणि तिची सून चालवतात. १२ वर्षांपूर्वी जुलैत पहिल्यांदा गेलो, भर पाऊस, आत दोनच माणसं. मी थाळी मागितली तर ती म्हणाली, आज ताजें नुस्तें मेळूंक ना, दाळ-शीत जेव. वरण-भात, फागलांची भाजी, किसमूर आणि लोणचं वाढलं आणि थाळीचे नव्हे, निम्मेच पैसे घेतले. कालचा मासा तळून ती मला सहज घालू शकली असती, मला कळलंही नसतं. दुसऱ्या दिवसापासून तिचे नारळ मी स्वतः निवडून देतो. तुम्ही जाल तेव्हा सव्वाबाराला जा, एकनंतर तिथे किसमूर उरत नाही.